भाकरीचा टॅको

मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी ओढणीआड डबा धरून जेवत होती. डब्यात ज्वारीची भाकरी आणि मसूर. शेजारणीने नूडल्स आणले होते, म्हणून ही लपवालपवी. त्याच आठवड्यात शाळेतल्या तपासणीत तिचे रक्त कमी निघाले होते. आम्ही तिला काही बोललो नाही. समजावून डबा उघडत नाही, एवढे इतक्या वर्षांच्या नोकरीत कळले आहे. घरी येऊन मात्र थेट स्वयंपाकघरात शिरलो.

टॅको हा शब्द मुलांना मोबाइलमुळे पाठ असतो. मेक्सिकोत मक्याची छोटी, मऊ पोळी करतात, तिच्यात मांस किंवा राजम्यासारखी कडधान्ये भरतात, वरून चटणी आणि लिंबू, आणि दुमडून हातानेच खातात. होडीच्या आकाराचा कडक टॅको रुळला तो अमेरिकेत. तिथल्या, म्हणजे मेक्सिकोच्या, प्युएब्ला शहरात तर अरब मुलखातून गेलेल्या लोकांनी शावरम्याच्या धर्तीचा प्रकार सुरू केला. त्याचे नावच 'अरबी टॅको'. आज त्यात डुकराचे मांस घालतात, तेवढे सोडून बाकी उचलायला हरकत नाही.

मका ते लोक चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात, त्यामुळे पोळी लवचिक होते. ज्वारीच्या पिठाला तसा चिकटपणा नसतो. पहिल्या दिवशी आम्ही नेहमीची भाकरी दुमडली, ती मधोमध तुटली आणि खिमा दस्तरखानावर सांडला. सासूबाई म्हणाल्या, "भाकरी है ये, रुमाल नै!"

उपाय त्यांनीच सांगितला: उकड काढा. 2 वाट्या पाण्याला उकळी आली की मीठ, चमचाभर तेल आणि 2 वाट्या ज्वारीचे पीठ घालून ढवळायचे, गॅस बंद करून 10 मिनिटे झाकायचे. कोमट असतानाच मूठभर कणीक घालून ओल्या हाताने खूप मळायचे. इथे आळस केला की कडा फाटतात. लिंबाएवढे गोळे प्लॅस्टिकच्या कागदावर पुरीएवढे थापून तव्यावर दोन्हीकडून भाजायचे आणि लगेच कापडात गुंडाळायचे. कुरकुरीत हवे असतील तर भरून, दुमडून, थोड्या तेलावर उलथन्याने दाबून परतावेत. आमच्याकडे मुलांना हेच आवडतात, मोठ्यांना मऊ.

पाव किलो खिमा कांदा, आले-लसूण, धणे-जिरे आणि लाल तिखटावर अगदी कोरडा शिजवावा. रस्सा राहिला की टॅकोचा लगदा झालाच म्हणून समजा. महिनाअखेरीस आम्ही भिजवून शिजवलेला राजमा किंवा हरभरा ठेचून परततो. टोमॅटो, हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर भाजून, मीठ-कोथिंबीर घालून ठेचले की चटणी तयार. मिरची आणि टोमॅटो मुळात तिकडचेच, पण आता ठेचा परभणीचाच म्हणायचा! वर बारीक कोबी, कच्चा कांदा आणि चमचाभर टांगलेले दही. विकतचे चीज आम्ही आणत नाही. महाग पडते आणि त्याची गरजही भासली नाही.

लिंबू मात्र वगळू नये. धान्य-कडधान्यातले लोह अंगी लागायला लिंबातले 'क' जीवनसत्त्व मदत करते. जेवणावर लगेच घेतलेला चहा उलटे काम करतो. आमच्या घरात ही दुसरी गोष्ट अजून कोणी मानलेली नाही. ज्वारीबद्दल परभणीकरांना वेगळे काय सांगावे? इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा 'परभणी शक्ती' हा 2018 सालचा वाण लोह आणि जस्त जास्त असावे म्हणूनच काढलेला आहे. बियाणे मिळाले तर शेतकरी घरांनी खाण्यापुरता तरी पेरून पाहावा.

पुढच्या सोमवारी आम्ही आठ टॅको डब्यात नेले आणि मुलींच्या घोळक्यात बसून खाल्ले. त्या मुलीने दोन घेतले. दुसरा संपवता संपवता विचारले, "टीचर, यात मसूर भरली तर चालेल?"

चालेल. फक्त पाणी पूर्ण आटवायचे.