पंख्याचं बटण कोणतं?

आमच्या हॉलच्या बोर्डावर आठ बटणं आहेत. दोन ओळी, सगळी पांढरी, सगळी सारखी. पाहुणा पंखा लावायला उठला की आधी बाल्कनीतला दिवा लागतो, मग ट्यूब जाते, मग बेसिनवरचा बल्ब पेटतो. "तुम्ही बसा हो, मी लावते," असं डोंबिवलीच्या या घरात मी नऊ वर्षं म्हणत आले.

अण्णा, माझे सासरे, ८१ वर्षांचे. एका रात्री ट्यूब घालवायला गेले आणि टीव्हीच बंद केला, तोही शेवटची ओव्हर चालू असताना. नातू ओरडला. "डोकं चालेनासं झालंय गं माझं," अण्णा म्हणाले. रोजचं शब्दकोडं पेनानं सोडवणारा माणूस हा!

चूक बोर्डाची होती, आणि हे मी सासऱ्यांचं मन राखायला म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवर पोटावर बसायची. वैमानिकाला मिटायचे असत पंखांचे फ्लॅप. हात पडे चाकं आत घेणाऱ्या स्विचवर. दोन्ही स्विच शेजारीशेजारी, दिसायला सारखे. दोष अर्थात वैमानिकाच्या माथी. अल्फान्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञानं चाकांच्या स्विचवर रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या स्विचवर पाचर. आता न बघताही बोटांना फरक कळे. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखीच असते.

याच चॅपानिसनं पुढे शेगडीचा अभ्यास केला, १९५९ साली. चार बर्नर चौकोनात, चार नॉब एका ओळीत; मागच्या डाव्या बर्नरचा नॉब कुठला? दोन बर्नरच्या शेगडीला हा प्रश्नच पडत नाही, डाव्याला डावा. चार बर्नरमध्ये मात्र माणूस अडखळतो. बर्नर जरा तिरके सरकवून नॉबच्याच क्रमानं दिसतील असे मांडले, तेव्हा चुका थांबल्या. बाजारातल्या चार बर्नरच्या शेगड्या अजून बहुतेक चौकोनीच आहेत. दूध कुणाचं उतू जातं, ते बनवणाऱ्याला कुठे दिसतंय!

दिव्यांच्या बटणांचा हाच घोळ मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी हाताळला. त्यांचं रोजच्या वस्तूंवरचं पुस्तक १९८८ साली आलं. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत खोलीचा नकाशाच आडव्या फळीवर काढून घेतला आणि ज्या जागी दिवा, नकाशात त्याच जागी त्याचं बटण बसवलं.

एवढं आम्हाला परवडणारं नव्हतं. मी वायरमनला बोलावलं. बटणं अशी कशी लावली, असं विचारल्यावर तो हसला. "वहिनी, जी वायर आधी हाताला लागते ती पहिल्या बटणाला. घरात कोण राहणार ते तेव्हा कुठं माहीत असतं?" त्यानं बोर्ड उघडला, वायरी फिरवल्या. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे, खोलीत जसे दिवे आहेत तसेच. पंखा एकटा कडेला, रेग्युलेटरला चिकटून. टीव्ही खाली कोपऱ्यात. पंख्याच्या बटणावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. अर्ध्या तासाचं काम, आणि नऊ वर्षं ते कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा.

तुमच्याकडे वायरिंगचं काम निघालं, तर वायरमन बोर्डाचे स्क्रू आवळण्याआधी तिथे जाऊन उभ्या राहा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बटणं दाबायला सांगा.