ओल्या अंथरुणाची लाज कोणाला?

दिवाळीच्या सुटीत बऱ्हाणपूरला आजोळी जायचे ठरले, तेव्हा इंदूरच्या आमच्या परिचयातील एका घरी धाकटी मुलगी हरखून गेली. आठ वर्षांचा थोरला मात्र "मला नाही यायचे" एवढेच बोलून गप्प बसला. गेल्या सुटीत त्याची ओली गादी अंगणात वाळत पडली होती आणि भावंडांच्या थट्टेचा विषय झाली होती.

अशा मुलास आपण आळशी ठरवितो, चारचौघांत लाजवितो, प्रसंगी हातही उगारतो. परंतु झोपेत जे घडते ते मूल मुद्दाम करीत नाही. मूत्राशय भरले तरी काही मुलांना जाग येत नाही. काहींच्या शरीरात रात्री लघवी बेताची ठेवणारे संप्रेरक कमी पडते. सातव्या वर्षी शंभरांतील पाच ते दहा मुलांना हा त्रास असतो आणि पुष्कळदा तो आनुवंशिक असतो. बहुतेकांचा तो वयाबरोबर सुटतो.

तोवर आपण काय करावे? दिवसा मुलास भरपूर पाणी द्यावे, संध्याकाळनंतर बेताने. रात्री चहा नको. शाळेत लघवी तुंबवून ठेवण्याची सवय मोडावी. बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष करू नये. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते. निजण्यापूर्वी लघवीस पाठवावे, गादीवर मेणकापड घालावे. कौतुक करावे ते मुलाच्या प्रयत्नांचे, कोरड्या रात्रीचे नव्हे. ती त्याच्या हाती नसते.

ओल लागताच वाजणाऱ्या घंटेचा उपाय १९३८ साली अमेरिकेत मावरर दांपत्याने प्रसिद्ध केला. तो आजही गुणकारी मानतात. मात्र दोन-तीन महिने चिकाटी हवी. प्रवासापुरते औषधही मिळते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. सहा महिने वा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण भिजवू लागले, फार तहान लागू लागली, वजन घटले किंवा लघवीला जळजळ झाली, तर डॉक्टरांकडे नेण्यास विलंब लावू नये.

त्या घरी पुढे काय झाले? रात्री वडिलांनी मुलाला जवळ घेऊन सांगितले, "अरे, मीसुद्धा नऊ वर्षांचा होईपर्यंत अंथरूण भिजवीत असे."

"खरंच, बाबा?"

दुसऱ्या दिवशी त्याने आपले कपडे पिशवीत भरले. आजोळी एकदा चादर ओली झालीच. आजीने पहाटे ती निमूटपणे बदलली आणि कोणापाशी वाच्यता केली नाही. पुढच्या सुटीत आजोळी जाण्याचा विषय त्यानेच आधी काढला.