कडाक्याच्या थंडीतली लाल वाइन चाखताना

अमेरिकेतल्या मिनेसोटात हिवाळ्यात पारा कधीकधी उणे 30 अंशांच्याही खाली जातो. कॅबर्नेसारख्या युरोपीय वेली त्या थंडीत तगत नाहीत. म्हणून मिनेसोटा विद्यापीठाने थंडी सोसणाऱ्या रानटी अमेरिकी वेलींचा युरोपीय वंशाच्या वेलींशी संकर केला. त्यातून 1996 मध्ये 'फ्राँटेनॅक' आणि 2006 मध्ये 'मार्केट' हे वाण आले. या द्राक्षांची मिश्र वाइन ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली मिळते. नाशिकच्या शिराझची सवय असलेली जीभ इथे थोडी गोंधळते.

आधी तापमान. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, आपली नव्हे. साधारण 16 अंश ठीक. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. फार गार झाली तर आंबटपणा बोचतो, कोमट राहिली तर अल्कोहोल नाकात चढतं.

पेला एक तृतीयांशच भरा आणि पांढऱ्या कागदावर तिरका धरा. रंग गडद, जांभळट दिसेल. गडद म्हणजे जड वाइन, असा अंदाज बांधायचा मोह होतो. इथे तो फसतो. या द्राक्षांत रंग भरपूर असतो, पण टॅनिन, म्हणजे साल आणि बियांतला तुरटपणा, वाइनमध्ये कमीच उरतो. द्राक्षातली प्रथिनं त्याला धरून तळाशी नेतात.

मग वास. आधी पेला न हलवता घ्या, नंतर गोल फिरवून. चेरी, काळी बेरी ही फळाची देणगी. व्हॅनिला, लवंग, धूर ही पिंपाची. अमेरिकी ओक असेल तर खोबऱ्यासारखा वासही येतो. नवख्यांना व्हॅनिलाच आवडतो आणि त्यावरूनच ते वाइनला गुण देऊन बसतात. पिंपाचे वास मनातल्या मनात बाजूला काढा आणि मागे फळ उरतं का ते पाहा. व्हिनेगरचा भपकारा आला, तर मात्र तो दोष समजावा.

आता घोट. लगेच गिळू नका, तोंडभर फिरवा. सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते: आंबट आणि तुरट यांची. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने हिरड्या कोरड्या पडतात. या वाइनमध्ये पाणीच जास्त सुटेल. हिरव्या सफरचंदात असतं ते तीक्ष्ण मॅलिक आम्ल या द्राक्षांत बरंच असतं. वाइन बनवणारे जिवाणूंकडून त्याचं दह्यातल्या सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करून घेतात, तरी धार उरतेच.

मिश्रण का करतात, तेही याच घोटात कळतं. फ्राँटेनॅक रंग आणि चेरी देतं. मार्केटमध्ये टॅनिन त्या मानाने बरं असतं, म्हणून कणा त्याचा. राहिलेला थोडा तुरटपणा ओक पुरवतो. पिंप केवळ सुवासासाठी नसतं, ते यामुळेच.

पेला 20 मिनिटं तसाच ठेवून पुन्हा चाखा. आंबटपणा अजून टोचत असेल, तर सोबत चीज किंवा चरबीदार मटण घ्या, धार बोथट होईल. आणि तेव्हाही नुसता व्हॅनिलाच जाणवला, तर पिंपाने वाइन खाल्ली असं खुशाल म्हणा.