घाटावरचं पाणी, घाटाखालचा गाळ

बुलढाणा जिल्ह्यात गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: घाटावर की घाटाखाली? अजिंठ्याच्या रांगेचा हा कडा माणसांसारखंच पाणीही वाटून देतो. पैनगंगा आणि खडकपूर्णा गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघतात. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा घाट उतरून पूर्णेत पडतात, पूर्णा चांगदेवला तापीत, आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्रात.

या मुलखाचं रूप पालटायला सुरुवात झाली ती कापसाने. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला, आणि 1870 मध्ये खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला खुद्द लॉर्ड मेयो हजर होते. गवताळ पडीक जमिनी नांगराखाली गेल्या. 1972 च्या दुष्काळाने रोजगार हमी, नालाबांध आणि पाझर तलाव दिले. पण तेव्हाही शेताच्या धुऱ्यावर बाभूळ-निंब उभे असत, गुरं होती म्हणून ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, गवत राखलं जाई.

नव्वदच्या दशकापासून सोयाबीन आलं. चिखली-मेहकरकडची ज्वारी बघता बघता आटली. सोयाबीनला बदनाम करणं सोपं आहे. खरं तर ऑगस्टमध्ये ते जमीन कपाशीपेक्षा लवकर झाकतं. फरक पडतो तो नंतर. शंभरेक दिवसांत पीक निघतं, ऑक्टोबरात शेत मोकळं, लगेच हरभरा आणि त्यावर विहिरीचे तुषार. पावसाळ्यानंतर जे पाणी झिरपत झिरपत पैनगंगेला यायचं, ते मोटारीने आधीच उचललं जातं. कडबा गेला, गुरं कमी झाली, ट्रॅक्टरला वळायला अडचण म्हणून धुरे निमुळते होत गेले. उतारावर पाण्याला अडवणारं काही उरलं नाही.

झाडं तोडली की नदी आटते, हे आपण शाळेपासून ऐकतो. बॉश आणि हेवलेट यांनी 1982 साली जगभरातल्या 94 पाणलोटांवरचे प्रयोग तपासले, तेव्हा निष्कर्ष उलटा निघाला: झाडोरा कमी झाला की वर्षाचा एकूण प्रवाह वाढतो, कारण झाडंही पाणी पितात. आपल्याकडे दुखणं एकूण पाण्याचं नाही, वेळेचं आहे. काळी माती कोरडी असते तेव्हा भेगांतून पाणी पोटात घेते. एकदा भिजून फुगली की वरचा थेंब आत शिरत नाही. मग चार तासांत नाला भरून वाहतो आणि डिसेंबरात कोरडा पडतो. जुलै 2023 मध्ये जळगाव जामोद-संग्रामपूरकडे पूर आला आणि जमिनी खरडून गेल्या. तो पाऊस असामान्य होता, घनदाट जंगलानेही तो सगळा पेलला नसता. पण माती जागेवर राहिली असती.

मोठ्या खोऱ्यात मात्र हे नीट दिसत नाही. एका नाल्यावर ठळक उमटणारा बदल तापी-गोदावरीच्या मोजणी केंद्रावर पोचेपर्यंत धरणं, उपसा आणि लहरी मान्सून यांत मिसळून जातो. लपत नाही तो गाळ. तापीवरच्या हतनूर धरणात पूर्णेने आणून टाकलेला गाळ हा तिथला जुना डोकेदुखीचा विषय आहे.

2018 मध्ये भारतीय जैन संघटनेच्या ‘सुजलाम् सुफलाम्’ने जिल्ह्यातले तलाव उपसले, महामार्गासाठी तलाव-नाल्यांतली माती उचलण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ही गाजला. दोन्ही कामं चांगलीच. पण दोन्ही खालच्या टोकाची. गाळ जिथून सुटतो तो वरचा उतार, तिथली ई-क्लास आणि तिच्यावरची अतिक्रमणं या कामांच्या बाहेरच राहिली. तलावाला जेसीबी लागतो. अतिक्रमण काढायचं तर मतदार दुखवावा लागतो.