बोरिस लिसानेविच आणि नेपाळमधील हॉटेल व्यवसाय : एका स्थलांतरित उद्योजकाच्या कारकिर्दीचा आढावा

प्रस्तावना :
उद्योजकाचे यश सामान्यतः नफा व मालमत्ता यांवरून मोजले जाते. हा निकष कसा अपुरा पडतो, हे बोरिस लिसानेविच (१९०५-१९८५) यांच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका :
ओडेसा येथे जन्मलेले बोरिस रशियन क्रांतीनंतर मायदेश सोडून युरोपात आले व द्यागिलेव यांच्या बॅले मंडळात नर्तक झाले. पुढे ते कलकत्त्यात स्थिरावले. १९३६ मध्ये त्यांनी तेथे 'थ्री हंड्रेड क्लब' स्थापन केला. अनेक युरोपीय क्लबांची दारे भारतीयांना बंद असताना येथे दोघांनाही सभासदत्व होते. नेपाळनरेश त्रिभुवन यांच्याशी त्यांचा स्नेह याच शहरात जुळला.

काठमांडूतील कार्य :
१९५१ मध्ये राणा राजवट संपुष्टात आली व नेपाळ बाह्य जगाला खुला होऊ लागला. बोरिस यांनी बहादुर भवन या राणाकालीन प्रासादात 'रॉयल हॉटेल' सुरू केले. मोटाररस्त्याने भारताशी न जोडलेल्या या खोऱ्यात पाश्चात्य पद्धतीचे हॉटेल चालविणे म्हणजे पुरवठ्याची साखळीच नव्याने उभारणे होते. १९५५ मध्ये थॉमस कुक कंपनीचे पर्यटक येथे आले. राजे महेंद्र यांनी पर्यटकांना व्हिसा देण्यास अनुमती द्यावी, यासाठी बोरिस यांनी केलेले प्रयत्न सफल झाले होते. हॉटेलातील 'याक अँड यती' बार गिर्यारोहकांचे भेटीचे ठिकाण बनला.

मर्यादा :
तथापि राजाश्रय हा दुधारी ठरला. मद्यनिर्मितीच्या परवान्यावरून शासनाशी वाद होऊन त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. १९५६ मधील महेंद्र यांच्या राज्याभिषेकाच्या पाहुण्यांची भोजनव्यवस्था मात्र त्यांच्याकडेच आली. प्रासाद त्यांच्या मालकीचा नव्हता. १९७० च्या सुमारास रॉयल हॉटेल बंद पडले. 'याक अँड यती' हे नाव मात्र त्यांच्या पुढील उपाहारगृहाने आणि नंतर काठमांडूतील मोठ्या हॉटेलने धारण केले.

निष्कर्ष :
शुंपीटर यांनी नवी बाजारपेठ खुली करणे हे उद्योजकाचे एक प्रमुख कार्य मानले आहे. या कसोटीवर बोरिस यशस्वी ठरतात. वाट त्यांनी पाडली, परंतु तिच्यावरून पुढे जाणाऱ्यांना लाभ अधिक झाला. वाणिज्य विद्याशाखेत उद्योजकता शिकविताना केवळ ताळेबंदाकडे न पाहता अशा वाटाड्यांचाही विचार व्हावा, असे वाटते.