अंधारात टिकणारा वायू

गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड आपल्या परिचयाचा आहे. हाच वायू जमिनीपासून शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवरही सापडतो, आणि तिथे तो माणसाने सोडलेला नसतो. ध्रुवीय आकाशात जे इलेक्ट्रॉन हिरवे-तांबडे झोत उजळवतात, तेच नायट्रोजनचे रेणू फोडतात. सुटलेला ऊर्जाभारित अणू ऑक्सिजनच्या रेणूला भिडतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. प्रमाण नगण्य वाटावं असं, हजारो रेणूंमागे एखादा. तरीही त्याचा हिशेब ठेवण्यासाठी उपग्रह पाठवावे लागले, कारण हा वायू खाली उतरतो.

तो मोजायचा कसा? सूर्याचे अतिनील किरण शोषून तो २१५ आणि २३७ नॅनोमीटर तरंगलांबीवर मंद उजेड परत फेकतो. चार्ल्स बार्थ यांनी १९६४मध्ये अग्निबाणावरून हाच उजेड टिपल्याचं प्रसिद्ध केलं होतं. पण अग्निबाण काही मिनिटांचाच पाहुणा. सलग नोंदी मिळाल्या त्या फेब्रुवारी १९९८मध्ये सोडलेल्या ‘स्नो’ या छोट्या उपग्रहाकडून. बार्थ यांच्या मार्गदर्शनाखाली कोलोरॅडो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो बांधला आणि चालवलाही.

हा उपग्रह मिनिटाला पाच वेळा स्वतःभोवती फिरायचा. दर फेरीत त्याची दुर्बीण पृथ्वीच्या कडेवरून वरून खाली सरकत जाई. काचेची तावदानं समोरून पारदर्शक दिसतात, पण कडेने पाहिली की हिरवी. विरळ वायूचंही तसंच आहे. आडव्या नजरेत शेकडो किलोमीटरची हवा एका रेषेत येते आणि क्षीण उजेडही मोजता येतो. २००३च्या अखेरीस उपग्रह वातावरणात जळून गेला, पण त्याआधी त्याने एक गोष्ट पक्की केली. विषुववृत्ताजवळ या वायूचं प्रमाण सूर्याच्या क्ष-किरणांबरोबर चढतं-उतरतं. ध्रुवांकडे मात्र हुकूम चालतो तो वरून कोसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा.

मात्र या पद्धतीला ऊन लागतं, आणि खरा प्रश्न उन्हाबाहेरचा आहे. एवढ्या उंचीवर सूर्यप्रकाश नायट्रिक ऑक्साइडचा रेणू फोडतो. सुटलेला नायट्रोजन आणखी एका रेणूला संपवतो. त्यामुळे उजेडात हा वायू फार काळ टिकत नाही. ध्रुवावरच्या महिनोन्महिने चालणाऱ्या रात्रीत त्याला हात लावणारं कुणी नसतं. हिवाळ्यात तिथली हवा हळूहळू खाली बसते आणि वायूही तिच्याबरोबर उतरत ओझोनच्या प्रदेशात पोचतो. ऊन परतलं की तो ओझोनमधला एक ऑक्सिजन अणू काढून घेतो, तो दुसऱ्या सुट्या अणूला देतो आणि पुन्हा मोकळा होतो. हे चक्र पॉल क्रुट्झन यांनी १९७०मध्ये मांडलं. पुढे १९९५च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

२००३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सूर्यावर मोठी वादळं झाली. पाठोपाठ २००४च्या सुरुवातीला उत्तर ध्रुवाभोवतीचा वाऱ्यांचा भोवरा विलक्षण बळकट झाला आणि वरचा नायट्रिक ऑक्साइड खाली उतरला. त्या वसंतात सुमारे ४० किलोमीटर उंचीवरचा ओझोन काही ठिकाणी ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचं कोरा रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उपग्रहांच्या नोंदींत आढळलं. बहुतेक ओझोन याच्या बराच खाली असल्याने एकूण थराला मोठं भगदाड पडलं नाही. शीतकवायूंमुळे होणारं अंटार्क्टिकावरचं छिद्र ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

वायूचा खाली उतरण्याचा हा प्रवास अंधारात पाहायचा तर वायूची स्वतःची उष्णता टिपणारं उपकरण हवं. युरोपच्या ‘एन्व्हिसॅट’वरचं ‘मिपास’ हे काम २००२पासून करत होतं. एप्रिल २०१२मध्ये उपग्रहाशी संपर्क तुटला. त्याच्या नोंदींवरून बांधलेलं गणित हवामानाच्या प्रारूपांत वापरलं जातं, म्हणजे वरून कोसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा हवामानावरचा परिणाम आपण बऱ्याच अंशी त्या दहा वर्षांच्या पुंजीवर ठरवतो आहोत. सूर्याचं एक चक्रच सुमारे अकरा वर्षांचं असतं. अमेरिकेच्या ‘एम’ उपग्रहावरचं उपकरण २००७पासून हा वायू मोजत होतं, तेही सूर्याच्या उगवत्या-मावळत्या किरणांच्या आधाराने. तो उपग्रहही २०२३मध्ये थांबला. ध्रुवीय रात्रीत पाहू शकणारं नवं उपकरण अवकाशात पाठवणं ही चैन नव्हे, गरज आहे.