उलट्या क्रमाने सई

अमरावतीच्या आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला, तेव्हा छतावर अँटेना फिरवणारा एक, जिन्यात उभा एक आणि पडद्यापुढे एक अशी साखळी लागायची. ‘आलं का?’ ‘नाई ना, मुंग्याच दिसून रायल्या!’ त्या मुंग्यांतून जी माणसं हळूहळू स्पष्ट झाली, त्यांत 1984च्या ‘अडोस पडोस’ मालिकेतली माणसं होती. दिग्दर्शनाच्या पाटीवर सई परांजपे हे नाव यायचं. बाईचं नाव, तेही मराठी. माझी आई ते दर वेळी मोठ्याने वाचायची.

सईताईंचा ‘चष्मेबद्दूर’ आम्ही त्याआधीच टॉकीजमध्ये पाहिला होता. म्हणजे वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला त्या उलट्या क्रमाने भेटल्या: आधी सिनेमा, मग मालिका. आणि या दोन्हींच्या मुळाशी असलेलं दिल्ली दूरदर्शनवरचं त्यांचं काम तर आमच्यापर्यंत पोचलंच नाही. मला त्याच वर्षांबद्दल लिहायचं आहे. ‘कथा’ आणि ‘स्पर्श’चं कौतुक आपण पुष्कळ केलं, पण ते सिनेमे ज्या शाळेत शिकून तयार झाले, त्या शाळेचं नाव कुणी घेत नाही.

1938 साली जन्मलेल्या सईताई रँग्लर र. पु. परांजपे यांची नात. आई शकुंतला परांजपे, संततिनियमनाच्या कामात र. धों. कर्व्यांच्या सहकारी, पुढे राज्यसभेच्या सदस्य. आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त असताना नातीचं काही बालपण तिकडे गेलं. आठव्या वर्षी तिचं ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक निघालं. असं घर लाभणं हे मोठं भाग्य, आणि ते मोजल्याशिवाय हा प्रवास सांगू नये. पण घर दारापर्यंत सोडतं, आत जाऊन काम ज्याचं त्यालाच करावं लागतं. पुणे आकाशवाणीवर निवेदन आणि मुलांचे कार्यक्रम, मग 1963 साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची पदवी, आणि नंतर दिल्लीचं दूरदर्शन.

तेव्हाचं दूरदर्शन म्हणजे काय, हे आज समजावून सांगावं लागतं. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी प्रयोग म्हणून ते सुरू झालं आणि 1976पर्यंत आकाशवाणीचाच एक भाग राहिलं. पैसा थोडा, साधनं त्याहून थोडी. मला वाटतं, म्हणूनच तिथे बाईला जागा मिळाली. सिनेमात निर्माता पैसा लावतो आणि दिग्दर्शकाच्या खुर्चीत कोणाला बसवायचं हे तोच ठरवतो. त्या काळात हिंदी सिनेमाच्या त्या खुर्चीत बाई जवळजवळ दिसतच नव्हती. सरकारी माध्यमात मात्र पगारी निर्माती होऊन आठवड्यामागून आठवडे नाटुकली, मुलांचे कार्यक्रम, लघुपट करता येत होते. चुका करायची आणि त्या सुधारायची मुभा होती. 1972 साली त्यांच्या ‘द लिटल टी शॉप’ या दूरचित्रपटाला आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती त्यांच्याकडे आली. त्या दिवशी अकोल्या-अमरावतीत कुणाकडे काहीच दिसलं नाही. मुंबईच्या प्रक्षेपणाची लहर आपल्यापर्यंत येतच नव्हती.

याच सुमारास अमेरिकेत मॅडलिन अँडरसन ही कृष्णवर्णीय बाई असाच रस्ता काढत होती. 1960 साली तिने वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यावर माहितीपट केला. 1970 साली, चार्ल्सटनच्या रुग्णालयातल्या कृष्णवर्णीय कामगार बायकांच्या संपावर ‘आय अ‍ॅम समबडी’ केला. तिच्यापुढची भिंत फार उंच होती, सईताईंशी तिची बरोबरी लावणं अन्यायाचं होईल. पण तिलाही दार सापडलं ते लोकांच्या पैशावर चालणाऱ्या टीव्हीतच.

‘रैना बीती जाए’ हा दूरदर्शनसाठी केलेला चित्रपट पुढे ‘स्पर्श’ झाला. अंधशाळेचे मुख्याध्यापक अनिरुद्ध परमार यांना कुणाची दया नको आहे, आणि प्रेम व दया यांतली सीमा त्यांना नीट ओळखता येत नाही, एवढीच गोष्ट. पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार सईताईंना, अभिनयाचा नसीरुद्दीन शाहना. दूरदर्शनवरचं ‘धुआँ धुआँ’ पुढे ‘चष्मेबद्दूर’ झालं. लहान पडद्याचा हा संस्कार दोन्हीकडे दिसतो: खोली लहान, माणसं चार, आणि सगळी भिस्त बोलण्यावर. ‘कथा’ स. गं. साठ्यांच्या ‘ससा आणि कासव’ नाटकावरून आला, पण तिथली चाळही तशीच, कान लावून ऐकलेली.

1980च्या दशकात ‘अडोस पडोस’ आणि ‘छोटे बडे’ करून त्या पुन्हा टीव्हीकडे आल्या. नंतरचे ‘पपीहा’, ‘चकाचक’ मला तितके भिडले नाहीत. 2006 साली पद्मभूषण मिळालं, 2016 साली ‘सय’ हे आत्मकथन आलं. त्या पुस्तकात दूरदर्शनची पानं मी सगळ्यांत आधी उघडली.

पण वऱ्हाडी माणसाने एक तरी पाहावा तो ‘दिशा’. 1990 सालचा. गाव सोडून मुंबईत गेलेले मजूर, पाळीपाळीने झोपायच्या त्यांच्या खोल्या, आणि मागे गावात वर्षानुवर्षं एकट्याने विहीर खोदत बसलेला ओम पुरी. लोक त्याला वेडा म्हणतात. कुणाला ते रचलेलं वाटेल. मला वाटत नाही. 2016 साली वाशीम जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या आपल्याच अकोला जिल्ह्यात, बायकोला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही म्हणून एका दलित मजुराने 40 दिवसांत विहीर खोदून पाणी काढलं होतं.

‘दिशा’ टीव्हीवर लागला तेव्हा आजी शेजारी बसली होती. तिचं माहेर दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथे हातभर उंचीची पोरगीही गोड्या पाण्यासाठी कोस तुडवायची. हिंदी तिला अर्धंच कळायचं. ओम पुरीच्या विहिरीला पाणी लागलं, गाव धावलं. आजी पुढे सरकली आणि पडद्यालाच विचारलं, ‘गोड निंगालं का खारं?’